गच्चीवरच्या काठीने पृथ्वीचा कल कसा मोजायचा

२१ जूनचा दिवस सगळ्यांत मोठा, २१ किंवा २२ डिसेंबरचा सगळ्यांत लहान, आणि मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र जवळपास सारखे. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण ‘असं का?’ म्हणून विचारलं, की बरेचदा उत्तर येतं, ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.’ प्रत्यक्षात ती सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यांत लांब असते, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. खरं कारण आहे पृथ्वीच्या आसाचा कल. तो कल स्वतःच्या गच्चीवर मोजता येतो. त्यासाठी एक काठी लागते आणि वर्षभराचा धीर.

आधी मोसंबं फिरवून बघा

अंधाऱ्या खोलीच्या मधोमध दिवा ठेवा. मोसंब्यातून विणकामाची सुई आरपार घाला. हा झाला आस. सुई थोडी तिरपी धरा, वरचं टोक खिडकीच्या दिशेने झुकवा आणि दिव्याभोवती चक्कर मारा. इथे हमखास एक चूक होते. चालताना मनगट नकळत वळतं आणि सुई कायम दिव्याकडेच झुकलेली राहते. तसं झालं तर ऋतू होणारच नाहीत. टोक पूर्ण फेरीभर खिडकीकडेच राहिलं पाहिजे, जसा खरा आस वर्षभर ध्रुवताऱ्याच्या दिशेला असतो.

आता नीट बघा. तुम्ही खिडकीपासून लांब, दिव्याच्या पलीकडे असता तेव्हा सुईचं वरचं टोक दिव्याकडे झुकलेलं असतं: हा जून. खिडकीच्या बाजूला आलात की तेच टोक दिव्यापासून दूर झुकतं: हा डिसेंबर. मधल्या दोन जागी सुई दिव्याकडेही नाही आणि दिव्यापासून दूरही नाही. उजेड वरच्या देठापासून खालच्या टोकापर्यंत सारखा पोचतो. हे दोन संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचे दिवस: मार्चचा वसंत संपात आणि सप्टेंबरचा शरद संपात. कल तसूभरही बदलला नाही, बदलली ती फक्त मोसंब्याची जागा.

काठी उभी करा

चार फूट लांबीचा प्लायवुडचा तुकडा घ्या. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, म्हणून खाली लाकडाच्या चिपा सारून, पाणसळ ठेवून तो सपाट करून घ्या. दक्षिणेकडच्या कडेपासून वीतभर आत काठी घट्ट बसवा. नुसत्या काठीच्या सावलीचं टोक पुसट दिसतं आणि तिथेच सेंटिमीटरभर चूक होते. त्यावर उपाय सोपा आहे: काठीच्या टोकाला आडवा पुठ्ठा लावा आणि त्याला छोटं भोक पाडा. भोक फळीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंचीवर हवं. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा एक इवलासा गोल कवडसा पडतो. त्याचा मध्य धरायचा. भोकातून ओळंबा सोडा. तो जिथे टेकेल तिथे शून्याची खूण करा.

खरा मध्यान्ह पकडा

पहिल्या वर्षी मी पुण्यात घड्याळात बाराच्या ठोक्याला खुणा केल्या आणि आकडे काही केल्या जुळेनात. आपली घड्याळं ८२.५° पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात. पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा होतात: डिसेंबरात साधारण १२:३३, मार्चमध्ये १२:४२. नागपूरकरांचा मध्यान्ह सव्वाबाराच्या आसपास. म्हणून सव्वाबारा ते एक दर पाच मिनिटांनी कवडशावर पेन्सिलीने टिंब काढा (नागपुरात अर्धा तास आधी सुरुवात करा). शून्यापासून सगळ्यांत जवळचं टिंब तेच मध्यान्हाचं.

चार दिवस मोजा

मोजायचं दोन्ही संपातांना आणि दोन्ही अयनदिनांना, म्हणजे सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान दिवशी. संपाताच्या दिवशी हयगय चालत नाही. मार्च आणि सप्टेंबरात मध्यान्हाची सावली रोज पाऊण सेंटिमीटरने सरकते, त्यामुळे तारीख चुकली की उत्तरही चुकतं. उलट जूनमध्ये पुण्यावर ढग दाटलेले असले तरी जीव खाली-वर करू नका. अयनदिनाच्या आसपास सूर्य जणू थबकतो. दहा दिवस आधी किंवा नंतर मोजलंत तरी फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच. ऊन मिळेल ती दुपार साधा.

आणि संपाताला एकदा सकाळी नऊपासून टिंबं काढाच. एरवी टिंबांची ओळ वाकडी येते, त्या दिवशी मात्र ती सरळ रेषा होते, अचूक पूर्व-पश्चिम. पट्टी लावून बघताना मला अजूनही हरखून जायला होतं.

पुण्यात डिसेंबरात सावली उत्तरेला सुमारे ९० सेंटिमीटर भरते, संपाताला ३३.५. जूनमध्ये ती उलटून दक्षिणेला जाते, जेमतेम ८.६ सेंटिमीटर, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो. जाता-येता मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तो नेमका डोक्यावर असतो. तेच शून्य सावलीचे दिवस.

आता हिशेब

कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ काढा. तिच्या पायथ्यापासून सावली दशांश प्रमाणात आडवी काढा, दोन्ही टोकं जोडा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. डिसेंबरचा कोन ४२° येईल, जूनचा ४.९°. दोन्ही सावल्या विरुद्ध बाजूंना पडतात, म्हणून बेरीज करून निम्मी करा: साधारण २३.४°. हाच पृथ्वीचा कल. वजाबाकी करून निम्मी केलीत तर साधारण १८.५°, म्हणजे पुण्याचा अक्षांश. संपाताचा कोनही तोच येतो. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात १२ अंगुळांच्या शंकूची (उभ्या काठीची) संपातदिनी पडणारी मध्यान्हछाया मोजत, तिचं नाव पलभा. पुण्याची पलभा ४ अंगुळं.

एक खुलासा, कारण ‘उत्तरायण मकरसंक्रांतीला सुरू होतं ना?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. सूर्याचा उत्तरेकडचा प्रवास डिसेंबरातच सुरू होतो. सावलीच ते सांगते. मकरसंक्रांत जानेवारीत येते, कारण ती ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक घेर घेत असल्यामुळे संपात आणि अयनदिन यांच्या जागा ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतात. १९५७ साली स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेने मात्र संपात धरला आहे: तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला.

लंडनला कोणी नातेवाईक असतील तर त्यांनाही काठी उभी करायला सांगा. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, सावली बाराही महिने उत्तरेलाच. म्हणून बेरजेऐवजी वजाबाकी करायची. डिसेंबरात सावली पावणेचार मीटरच्या आसपास, कोन ७४.९°, जूनमध्ये ५३ सेंटिमीटर, कोन २८.१°. वजाबाकी ४६.८°, तिचं निम्मं २३.४°.