उन्हाळ्यात वाळलेली होडी पुन्हा पाण्यात

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ आमची जुनी लाकडी होडी आहे. यंदा मार्चपासून ती काठावर पालथी पडून होती. जूनच्या सुरुवातीला सुलटी केली, तर फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. ताडपत्री घालायची राहिली होती, म्हणून ऊन थेट लाकडावर बसलं.

मी लगेच फटी बुजवायला दुकानातून इपॉक्सी आणलं, वाळल्यावर टणक होणारं. काका म्हणाले, "थांब रे. आत्ता फटींत असलं टणक काही भरलंस तर फळी फुगल्यावर जाईल कुठं? खिळे उचकटतील." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाळलेलं लाकूड आकसतं, पाणी प्यालं की रुंदीत फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात.

मग गोणपाट भिजवून होडीत अंथरले, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. चार दिवसांनी उथळ पाण्यात दगड ठेवून ती बुडवली आणि दोन दिवस तशीच ठेवली. वर काढली तेव्हा बहुतेक सांधे मिटले होते. नाळेजवळचे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचे दोन मात्र राहिले. तिथं कापसाचा पीळ बोथट पटाशीनं ठोकला, हलक्या हातानं, आणि वरून राळ-तेल लावलं.

शेवटी घाटाला बांधून एक रात्र होडीतच झोपलो. पहाटे पाठीखालचं अंथरूण कोरडं होतं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही कृष्णेच्या पुराची इशारा पातळी. 2019 चा महापूर आम्ही पाहिलाय. पाणी चढायच्या आत होडी तयार असलेली बरी.