पुण्याच्या घाटरस्त्यांवर बेसॉल्टच्या थरांची नोंद कशी करावी

पुणे परिसरातील बेसॉल्ट हा काळसर कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांनी बनलेला असल्याने येथे मुख्यतः एका प्रवाहावर दुसरा कोठे बसतो, याची नोंद करायची असते. कात्रज घाटात किंवा सिंहगडाच्या वाटेवर उघड्या पडलेल्या कड्यापाशी प्रथम स्थान व समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत लिहावी आणि मग खालून वर जावे, कारण जुना प्रवाह तळाशी असतो.

प्रवाहाच्या तळाशी कधी नळीसारख्या उभ्या पोकळ्या, मध्ये घट्ट कातळ आणि माथ्याकडे गोलसर वायुपोकळ्यांची गर्दी असा क्रम बहुधा आढळतो. दोन प्रवाहांमध्ये विटकरी रंगाचा मातकट थर दिसल्यास त्याची जाडी टेपने मोजावी आणि त्याच्या सीमा ठळक आहेत की हळूहळू बदलणाऱ्या, हेही लिहावे. पोकळीतील पांढरे खनिज कॅल्साइट असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने लगेच फसफसते. रंग मात्र हातोडीने फोडलेल्या ताज्या पृष्ठभागाचाच नोंदवावा. बाहेरची काळवंडलेली साल फसवी असते.

छायाचित्रात मापासाठी पट्टी ठेवावी, तरी हाताने काढलेली आकृती अधिक उपयोगी ठरते, कारण ती काढताना थराची सीमा ठरवावीच लागते. पावसाळ्यात दरडीखाली थांबू नये.