नवा अँप्लिफायर घेण्याआधी डग्गा ऐका

अँप्लिफायर बदलायची हुक्की आली की आधी महिनाभर घरातल्याच रेकॉर्डी ऐका, एका बैठकीत एक पूर्ण बाजू. तबल्याचा डग्गा नुसता घुमतोय, बोल गिचमिड होतायत? बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. स्पीकर भिंतीला चिकटलेले असतात. फूट-दीड फूट पुढे ओढा, पुन्हा ऐका. बिनखर्चाचा एवढा मोठा फरक मला तरी दुसरा माहीत नाही.

खर्च करायचाच तर रेकॉर्ड वाजवणाऱ्या सुईवर करा. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तव्यांची, म्हणजे रेकॉर्डींची, खाच रुंद, त्यांना एलपीची (नंतरच्या, बारीक खाचेच्या रेकॉर्डीची) सुई नको. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या या कोल्हापुरात त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचे तवे तुमच्या घरी असतील, तर ७८ची रुंद सुई सगळ्यात आधी. आणि पावसाळ्यात तवे कोरड्या कपाटात उभेच ठेवा. इथल्या दमट हवेत बुरशी पटकन धरते.