होतकरू आइस हॉकीपटूंची पारख: काय पाहावे, कसे पाहावे

सोळा-सतरा वर्षांच्या आइस हॉकीपटूचा खेळ पाहताना दोन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. हा खेळाडू आज किती चांगला खेळतो, हा पहिला. आणि पाच-सहा वर्षांनी प्रौढ व्यावसायिकांमध्ये उतरल्यावर त्याच्या खेळातले काय टिकेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गुणफलकावर बऱ्यापैकी मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही. ज्युनियर स्तरावर एखादा खेळाडू उठून दिसतो तेव्हा त्यामागे कौशल्याबरोबरच लवकर झालेली शारीरिक वाढ, काही महिन्यांनी जास्त असलेले वय, शेजारी खेळणारा तरबेज जोडीदार किंवा दुबळ्या संघांची लीग अशी अनेक कारणे असू शकतात, आणि वरच्या स्तरावर जाताना ही कारणे एकेक करून गळून पडतात. म्हणून आजच्या यशातला कोणता भाग खेळाडूचा स्वतःचा आहे आणि कोणता परिस्थितीने दिलेला आहे, हे वेगळे काढणे हेच पारख करणाऱ्याचे खरे काम आहे, असे मी मानतो.

सुरुवात जन्मतारखेपासून करावी. कॅनडातील बालगटांची हॉकी कॅलेंडर वर्षाप्रमाणे विभागली जाते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक उंचीत, ताकदीत आणि वेगात सहज दिसतो. थोरला मुलगा निवडक संघात जातो, तिथे त्याला अधिक चांगले प्रशिक्षक आणि बर्फावर अधिक वेळ मिळतो, आणि मूळचा लहानसा फरक वर्षागणिक वाढत जातो. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली कॅनडातील हॉकीपटूंचे जन्ममहिने तपासून हा कल दाखवून दिला. पुढे २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, ड्राफ्टचा, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेचा, अभ्यास केला, तेव्हा वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या नंतरच्या कारकिर्दीच्या मानाने फार उशिरा निवडले जात होते, असे आढळले. म्हणजे ज्यांचे काम निवडणे हेच आहे, त्यांचीही नजर वयाने फसत होती.

एनएचएल ड्राफ्टची स्वतःची सीमारेषा वेगळी आहे. ज्या खेळाडूची अठरा वर्षे त्या वर्षाच्या १५ सप्टेंबरपर्यंत पूर्ण होतात, तो पहिल्यांदा पात्र ठरतो. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. केवळ दोन दिवसांमुळे तो २०१५ ऐवजी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये आला, मधले वर्ष झुरिचमध्ये प्रौढांच्या संघातून खेळला आणि पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. तेव्हा एकाच ड्राफ्टमधल्या दोन खेळाडूंची तुलना करताना त्यांच्या वयात जवळजवळ पूर्ण वर्षाचे अंतर असू शकते, हे टिपणवहीच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवावे. त्या वयात एक वर्ष म्हणजे एक अख्खा हंगाम, आणि काही मुलांच्या बाबतीत खांद्यांची पूर्ण रुंदी.

यानंतर आकडे पाहावेत, पण ते उकलून पाहावेत. हॉकीत प्रत्येक गोल आणि प्रत्येक असिस्ट, म्हणजे गोलआधीच्या पासचे श्रेय, यांचा एकेक पॉइंट धरतात. एका गोलसाठी दोन असिस्ट मिळू शकतात आणि दुसऱ्या, म्हणजे आधीच्या पासाच्या, असिस्टमागे कधी अप्रतिम पास असतो, तर कधी पकला, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीला, झालेला नुसता स्पर्श. पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, मिळालेले पॉइंट हे बऱ्याच अंशी प्रशिक्षकाने दिलेल्या संधीचे फळ असतात. समजा, एका आघाडीपटूच्या खात्यात ७० पॉइंट आहेत; त्यातले ३० पॉवर प्लेवरचे आणि उरलेल्या ४० पैकी १८ दुसरे असिस्ट आहेत. दुसऱ्याच्या खात्यात ५८ आहेत. त्यातले १२ पॉवर प्लेवरचे आणि उरलेल्या ४६ पैकी १० दुसरे असिस्ट. समसमान खेळाडू बर्फावर असताना स्वतः केलेले गोल आणि पहिले असिस्ट इतकेच धरले, तर पहिल्याचे २२ उरतात आणि दुसऱ्याचे ३६. त्यातही पहिला ऑक्टोबरात जन्मलेला आणि दुसरा त्यानंतरच्या ऑगस्टमधला असेल, तर माझी पसंती दुसऱ्याला राहील. हे गणित कागदावर दहा मिनिटांत होते आणि सामन्याला जाण्यापूर्वीच करावे, कारण एकदा एखाद्याचा खेळ डोळ्यांत भरला की आकडे निष्पक्षपणे वाचणे अवघड होते.

लीगचा दर्जा हा या हिशेबातला पुढचा भाग आहे. स्वीडन किंवा फिनलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये प्रौढांविरुद्ध खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला एका सामन्यात जेमतेम आठ मिनिटे मिळतात आणि हंगामाअखेर त्याच्या नावावर दहाही पॉइंट नसतात; तरीही त्याच वयाच्या गटात पन्नास पॉइंट जमवणाऱ्यापेक्षा तो पुढे असू शकतो. याच्या उलट, दुबळ्या लीगमधला प्रत्येक चमकता आकडा फसवा असतो असेही नाही. केल मकार अल्बर्टा ज्युनियर हॉकी लीगमध्ये ब्रूक्सच्या संघातून खेळत होता, ती लीग कॅनडाच्या पहिल्या फळीतील ज्युनियर लीगच्या खालची. तरी तो २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२२ मध्ये एनएचएलमधील सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला. त्याला निवडणाऱ्यांना लीगच्या नावापलीकडे जाऊन त्याच्या पायांकडे पाहावे लागले. आंतरराष्ट्रीय सामन्यांत रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, रुंदीही ध्यानात घ्यावी: एनएचएलचे रिंक साधारण २६ मीटर रुंद असते, तर युरोपात पूर्वापार ३० मीटरपर्यंतची रिंके आहेत. चार मीटर म्हणजे कडेने जाणाऱ्या खेळाडूला मिळणारा एक जास्तीचा क्षण, आणि वरच्या स्तरावर नेमका तोच क्षण नसतो.

आता प्रत्यक्ष सामना. नवशिक्या पारख्याची सर्वांत मोठी अडचण ही की त्याचे डोळे पकच्या मागे धावतात, आणि पक तर कोणत्याही एका खेळाडूकडे पूर्ण सामन्यात मोजकेच क्षण असतो. म्हणून एका वेळी एकच खेळाडू निवडावा आणि तो बेंचवरून उतरल्यापासून परत बेंचवर जाईपर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेकंदांच्या एका शिफ्टभर, पक कुठेही असला तरी नजर त्याच्यावरच ठेवावी. शक्य असल्यास उंचावर, रिंकच्या मधोमध बसावे. काचेजवळून वेग आणि धडक छान दिसते, पण अंतरे दिसत नाहीत.

काय पाहायचे ते एका प्रसंगातून सांगतो. प्रतिस्पर्ध्याने पक आपल्या बचावक्षेत्राच्या कोपऱ्यात मारला आहे आणि आपला बचावपटू पाठमोरा होऊन तो आणायला निघाला आहे. त्याच्या मागून एक आघाडीपटू वेगाने येतो आहे. पकपर्यंत पोहोचण्याआधीच्या त्या दोन-तीन सेकंदांत बचावपटूची मान पाहावी. चांगला खेळाडू एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहतो, येणारा कोणत्या बाजूने आणि किती दूर आहे हे टिपतो, मग खांदा एका बाजूला झुकवून त्याला त्या बाजूला ओढतो आणि पक दुसऱ्या बाजूला घेऊन निघतो. पक स्टिकला लागला तेव्हा त्याचा निर्णय झालेला असतो. दुसरा बचावपटू अधिक वेगवान असेल, पकपर्यंत आधी पोहोचेलही, पण तो मान वळवत नाही. पक हाती आल्यावर विचार सुरू करतो, तोवर धडक बसते किंवा तो काचेवरून आंधळेपणाने पक बाहेर फेकतो. ज्युनियर सामन्यात या दोघांचा परिणाम पुष्कळदा सारखाच दिसतो, कारण मागून येणारा मुलगाही संथ असतो. व्यावसायिक सामन्यात पहिला टिकतो, दुसरा टिकत नाही. एका सामन्यात असे सात-आठ प्रसंग येतात. प्रत्येक वेळी मान वळली की नाही, एवढीच खूण कागदावर करत गेलो तरी सामन्याअखेर बचावपटूबद्दल गुणफलकापेक्षा जास्त समजलेले असते.

आघाडीपटूंच्या बाबतीत हीच कसोटी जागेच्या रूपात लावावी. प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राची हद्द दाखवणारी निळी रेषा ओलांडल्यावर तो कडेला वळून बोर्डाच्या, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीच्या, आधाराने वेळ काढतो की मैदानाच्या मध्यावर, गोलसमोरच्या गर्दीच्या पट्ट्यात, पक घेऊन जातो किंवा पोहोचवतो? कडेवरून मारलेले फटके ज्युनियर गोलरक्षकांना चकवतात, प्रौढांना सहसा चकवत नाहीत. पास कशासाठी दिला हेही पाहावे: काही जण अडचणीत सापडल्यावर पक सोडतात, तर काही जण प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम स्वतःकडे खेचून, सहकारी मोकळा झाल्यावर देतात. आणि पक हातून गेल्यावर पुढच्या तीन पावलांत खेळाडू काय करतो, ती तीन पावले मी कधीही चुकवत नाही. मार्क स्टोन २०१० मध्ये १७८ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, कारण त्याचे स्केटिंग जड वाटत असे. पण प्रतिस्पर्ध्याचा पास आधीच ओळखून स्टिकने पक काढून घेण्यात त्याच्या तोडीचे खेळाडू थोडे, आणि २०२३ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकणाऱ्या व्हेगास गोल्डन नाइट्सचा तो कर्णधार होता.

स्केटिंगला कमी लेखावे असा याचा अर्थ नाही. मात्र स्केटिंग हा एकच गुण नव्हे, त्याचे भाग पाडून पाहावे. सरळ रेषेतला कमाल वेग हा सर्वांत दिखाऊ आणि सामन्यात सर्वांत कमी वेळा लागणारा भाग आहे. उभ्या जागेवरून पहिल्या तीन पावलांत मिळणारी गती, गुडघ्यांतला वाक, ब्लेडच्या आतल्या आणि बाहेरच्या धारेवरचा ताबा, वळणावर क्रॉसओव्हर घेताना, म्हणजे एक पाय दुसऱ्यावरून टाकताना, गती घटते की वाढते, आणि धडक बसल्यावर तोल किती लवकर सावरतो, हे अधिक उपयोगाचे. त्यातले सुधारण्याजोगे काय, हेही ठरवावे. सरळ ताठ उभे राहून स्केट करणारा किंवा पाय मागे पूर्ण न ताणणारा मुलगा तंत्रात चुकतो आहे, आणि तंत्र शिकवता येते. ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये लहान चणीमुळे आणि स्केटिंगविषयीच्या शंकांमुळे ७९ व्या क्रमांकावर गेला. टँपा बे लाइटनिंग या त्याच्या एनएचएल संघासोबत काम करणाऱ्या बार्बरा अंडरहिल या माजी जागतिक विजेत्या फिगर स्केटरच्या मार्गदर्शनाखाली त्याने आपली धाव नव्याने घडवली आणि पुढे तो लीगमधल्या सर्वांत चपळ सेंटरपैकी, म्हणजे मधल्या आघाडीपटूंपैकी, एक झाला. २०२० आणि २०२१ मध्ये संघाने स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा दोन्ही वर्षी प्लेऑफमध्ये त्याचे १४-१४ गोल होते. त्याची खेळाची समज मात्र आधीपासूनच होती, आणि माझ्या मते हाच क्रम महत्त्वाचा आहे: पाय सुधारतात तितक्या सहजपणे दृष्टी सुधारत नाही.

उंची आणि वजनाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की लहान खेळाडूने आजच्या मोठ्या मुलांविरुद्ध पक राखण्याचा काही मार्ग शोधला आहे का हे पाहावे, आणि मोठ्या खेळाडूच्या बाबतीत तो केवळ आकारावर जिंकतो आहे का हे पाहावे. मोठ्याला केवळ आकारामुळे निवडण्याची चूक लहानाला आकारामुळे नाकारण्याच्या चुकीइतकीच महाग पडते, पण तिची चर्चा कमी होते. वेगाने वाढलेल्या उंच मुलाचा अवघडलेपणा हा मात्र बऱ्याचदा तात्पुरता असतो. अतिशय उंच बचावपटू झ्डेनो चारा १९९६ मध्ये ५६ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि नॉरिस करंडक त्याला २००९ मध्ये मिळाला.

गोलरक्षकांसाठी वेगळी वही ठेवावी, कारण तिथे अंदाज सर्वांत कच्चे ठरतात. २००० मध्ये पहिल्या क्रमांकावर गोलरक्षक निवडला गेला. त्याच ड्राफ्टमध्ये २०५ व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट होता, ज्याने २०१२ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक जिंकला. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा होता आणि २०२५ मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. गोलरक्षक उशिरा पिकतात, आणि सेव्हची टक्केवारी त्याच्यासमोरच्या बचावावर फार अवलंबून असते. म्हणून अडवलेल्या फटक्यांच्या संख्येपेक्षा त्याची हालचाल पाहावी: पास आडवा गेल्यावर आधी डोके फिरते की आधी शरीर, फटका येण्यापूर्वी तो स्थिर झालेला असतो का, आणि गोल बसल्यानंतरच्या पहिल्या फटक्याला तो तसाच शांत असतो का. केवळ चपळाईवर अखेरच्या क्षणी झेपावून केलेले बचाव टाळ्या मिळवतात, पण ते बहुधा आधीच्या चुकलेल्या जागेची भरपाई असतात.

स्वभावाविषयी मी सावध राहण्याचा सल्ला देईन. ड्राफ्टपूर्वी होणाऱ्या एनएचएलच्या चाचणी शिबिरात संघ खेळाडूंच्या मुलाखती घेतात, सायकलवरच्या दमवणाऱ्या चाचण्या घेतात, पण अठरा वर्षांच्या मुलाच्या मुलाखतीत दिसते ती बरीचशी तयारी असते. त्यापेक्षा बेंचवर बसलेला असताना तो काय करतो, प्रशिक्षकाने दोन शिफ्ट बसवून ठेवल्यावर तिसऱ्या शिफ्टला कसा उतरतो, संघ चार गोलांनी मागे असताना बचावासाठी परत धावतो का, हे पाहिलेले खरे.

एकदा पाहून मत बनवू नये. आपल्या मैदानावर, बाहेरच्या मैदानावर, तगड्या संघाविरुद्ध आणि सलग दुसऱ्या रात्रीच्या थकव्यात असे निदान चार-पाच वेगवेगळे सामने पाहावेत, आणि शक्य असेल तर त्यातला एक हंगामाच्या सुरुवातीचा व एक अखेरचा असावा. ऑगस्टमधली अठरा वर्षांखालील राष्ट्रीय संघांची ह्लिंका ग्रेट्झकी स्पर्धा, डिसेंबरअखेर सुरू होणारी वीस वर्षांखालील आणि एप्रिलमधली अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा या तुलनेसाठी फार उपयोगी आहेत, कारण तिथे समवयस्कांतले उत्तम खेळाडू समोरासमोर येतात. पण पाच-सात सामन्यांतले गोल पूर्ण हंगामापेक्षा जास्त वजनाचे मानू नयेत.

टिपण त्याच रात्री लिहावे, आणि त्यात विशेषणे टाळून घडलेल्या गोष्टी लिहाव्यात: ‘हुशार’ याऐवजी ‘दुसऱ्या सत्रात तीनदा कोपऱ्यात जाण्याआधी मागे पाहिले’. शेवटी एक ठोस अंदाज, म्हणजे तो कोणत्या स्तरावर, कोणत्या भूमिकेत आणि साधारण कोणत्या वयात पोहोचेल, तारखेसह नोंदवावा. वर्षभराने तोच खेळाडू पुन्हा पाहायला जाल तेव्हा सामना संपून नवे टिपण पूर्ण होईपर्यंत जुने उघडू नये. मग दोन्ही शेजारी ठेवून, खेळाडू बदलला आहे की आपण त्याच्यात पूर्वी न पाहिलेले काही आता पाहिले आहे, हे प्रत्येक मुद्द्यापुढे लिहावे.