लांब फटक्यासाठी गोल्फ क्लब घेताय? या चुका टाळा

दर रविवारी सकाळी गोल्फच्या सरावाच्या रेंजवर हेच दिसतं. नवीकोरी बॅग, त्यात चौदाच्या चौदा क्लब, आणि बादलीतले पहिले पन्नास बॉल फक्त ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने. त्यातले चाळीस उजवीकडे वळतात. माणूस जोर वाढवतो, बॉल आणखी वळतो आणि दोन महिन्यांत आधीच्यापेक्षा महाग ड्रायव्हर घरी येतो. पुण्यात वीस वर्षं खेळतोय. एकेकाला सांगून दमलो, म्हणून आता लिहूनच काढतो. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलटी करून वाचावं.

कमी लॉफ्ट आणि कडक शाफ्ट

सगळ्यात जास्त पैसा आणि उमेद या चुकीत वाया जाते.

माझ्या एका मित्राला त्याच्या मेहुण्याने न्यू जर्सीहून ड्रायव्हर आणून दिला. ९ डिग्री लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल), एक्स्ट्रा स्टिफ म्हणजे फार कडक शाफ्ट (दांडा). टीव्हीवरचे खेळाडू असलाच वापरतात, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याचा स्विंग रेंजवरच्या रडारवर मोजला तर ताशी ८४ मैल भरला. बॉल खाली खाली निघायचा, उजवीकडे झुकायचा आणि दीडशे यार्डांच्या आत जमिनीला टेकायचा. तीन महिने तो स्वतःच्या स्विंगला दोष देत राहिला. ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, उजवा खांदा दुखवून घेतला.

मग जुलैतली एक सकाळ. फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) ओला, बॉल पडेल तिथेच रुतायचा. चौथ्या होलवर आमचा कॅडी मला हळूच म्हणाला, "साहेब, यांचा बॉल उठतच नाही. तुमची स्टिक देऊन बघा ना एकदा." माझा ड्रायव्हर १२ डिग्रीचा, शाफ्ट रेग्युलर. पहिले दोन फटके त्याने घाईत वाया घालवले. तिसरा बॉल उंच गेला, हवेत राहिला आणि १८० यार्डांच्या पुढे पडला. मित्र काही वेळ बोललाच नाही. त्याच्या स्विंगमध्ये तीन महिन्यांपूर्वीही एवढा फटका होता, हातातल्या क्लबने तो दाबून ठेवला होता.

कारण साधं आहे. स्विंग सावकाश असेल तर बॉलचा वेग कमी, आणि त्यात लॉफ्टही कमी असेल तर बॉलला हवेत टिकायला पुरेसा बॅकस्पिन (उलटी फिरकी) मिळत नाही. शिवाय लॉफ्ट जितका कमी, तितका वाकडा फटका जास्त वळतो. सात नंबर आयर्नने (पातळ पात्याच्या क्लबने) सरळ मारणारा माणूस ड्रायव्हरने स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारतो, त्यामागे हेही एक कारण असतं. अति कडक शाफ्ट अशा हातात मारताना लाकडी दांड्यासारखा वाटतो आणि क्लबचं तोंड बहुतेक वेळा उघडंच राहतं.

माझा हिशोब असा: ताशी ८५ मैलांच्या आत असाल तर १२ डिग्री किंवा त्याहून जास्त, शाफ्ट सीनियर किंवा मऊ रेग्युलर. ८५ ते ९५ असाल तर साडेदहा ते बारा, रेग्युलर. त्याच्या पुढे गेलात तरच स्टिफचा विचार करा. शाफ्टवरच्या अक्षरावर मात्र विसंबू नका. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो, कारण त्याचं एकच ठरलेलं माप नाही. मारून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मे महिन्यातलं अंतर खरं मानणं

कोरड्या फेअरवेवर बॉल तीस-चाळीस यार्ड सहज घरंगळतो. ते अंतर क्लबने दिलेलं नसतं. पावसाळा आला की ते गायब होतं. मोजायचं ते हवेतलं अंतर, म्हणजे कॅरी. मी दहा बॉल मारतो, सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडून देतो आणि उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहितो. सहा महिन्यांपूर्वी एकदाच बसलेला फटका हे कुणाचंच अंतर नसतं.

तीन आणि चार नंबरची आयर्न जपून ठेवणं

जुना सेट घेतला की त्यात ती येतातच, आणि माणसं ती इमानेइतबारे बॅगेत वागवतात. त्यांना वीस ते पंचवीस डिग्रीचा लॉफ्ट, पातळ पातं, वजन वर. नवशिक्याच्या हातून बॉल एकतर टॉप होतो (वरच्या भागावर फटका बसतो), नाहीतर मागची माती उडते. हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा जाड डोक्याचा क्लब) घ्या म्हटलं की तोंड वाकडं होतं, "ते म्हाताऱ्यांचं." या वाक्याची मला खरोखर चीड येते. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने अठराव्या होलवर दोनशे यार्डांच्या पुढून हायब्रिडनेच बॉल ग्रीनवर (छिद्राभोवतीच्या हिरवळीवर) आणला आणि टायगर वूड्सला हरवलं. शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना टायगर मेजर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) हरला, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. ज्या क्लबवर यांगने तिथे भरवसा ठेवला, तो तुम्हाला शनिवारच्या चौघांच्या खेळात कमीपणाचा का वाटावा?

हायब्रिडचं वजन खाली आणि मागे असतं, म्हणून बॉल लवकर उठतो. रफमधूनही (वाढलेल्या गवतातूनही) तो आयर्नपेक्षा सहज निसटतो. घेताना नंबर बघू नका, लॉफ्ट बघा. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ डिग्री असे, आता कित्येक सेटमध्ये तो ३० च्या आसपास येतो. पाच नंबर आयर्नचा लॉफ्ट दुकानदाराला विचारा आणि त्याच्या चार-पाच डिग्री कमी लॉफ्टचा हायब्रिड निवडा.

मॅटवर थ्री वुड पसंत करणं

रेंजच्या मॅटवर बॉलच्या दोन इंच मागे मारलं तरी क्लब घसरून पुढे जातो आणि फटका छान लागल्यासारखा वाटतो. गवतावर तोच फटका वीस यार्डही जात नाही. १५ डिग्रीची थ्री वुड (ड्रायव्हरसारखाच, पण लहान डोक्याचा क्लब) जमिनीवरून उचलणं अवघड काम आहे. १८ डिग्रीची फाइव्ह वुड घ्या, नाहीतर २१ ची सेव्हन वुड. माझ्या बॅगेत थ्री वुड नाही, अकरा वर्षं झाली.

उरलेल्या, थोडक्यात

लांब शाफ्टने लांब जातं, हा भ्रम. दुकानात ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. २००० च्या सुमाराला टायगर साडेत्रेचाळीस इंची ड्रायव्हरने साऱ्या जगाला हरवत होता. ग्रिपवर एक इंच खाली धरा आणि आठवडाभर मारून बघा.

लहान डोक्याचा ड्रायव्हर दिसायला देखणा म्हणून घेऊ नका. नियमाने ४६० सीसीपर्यंत मुभा आहे, ती पूर्ण वापरा.

चौदा ही वरची मर्यादा आहे. सुरुवातीला ड्रायव्हर, फाइव्ह वुड, एक हायब्रिड, चार आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी) आणि पटर (ग्रीनवर बॉल छिद्रात ढकलायला) पुरतात.

नवऱ्याचे जुने क्लब बायकोला किंवा बाबांचे पोराला देऊ नका. जड क्लब सांभाळताना अंग जी सवय लावून घेतं, ती काढायला वर्ष जातं.

एप्रिल-मेमध्ये बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात डोकं आणि शाफ्ट जोडणारा गोंद सैल पडतो. जुना ड्रायव्हर विकत घेताना म्हणूनच मी एका हाताने शाफ्ट घट्ट धरतो, दुसऱ्याने डोकं पिळून बघतो आणि कानाशी नेऊन हलवतो. आत काही खडखडलं तर तिथूनच परत देतो, किंमत कितीही उतरवली तरी.