वेबसाइटचा बॅकअप घेताना या चुका टाळा

नौपाड्यातला क्लास असो, वागळे इस्टेटमधला कारखाना असो की वाशीतला मसाल्याचा व्यापारी, साइट पडली की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य हेच असतं: "बॅकअप असेल ना होस्टिंगवाल्याकडे." असेलही. पण साइटची ही राखीव प्रत होस्टिंगवाल्याने, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट असते त्याने, स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली असते. शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेक साइट असलेल्या) होस्टिंगच्या अटींमध्ये बहुधा लिहिलेलंच असतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. बिल थकून खातं बंद झालं तर साइटबरोबर तो बॅकअपही हातचा जातो.

फक्त फाइल्स उतरवून घेणं

एफटीपीने (सर्व्हरवरून फाइल्स उतरवायची पद्धत) सगळं फोल्डर कॉम्प्युटरवर ओढलं, म्हणजे काम झालं असं नवशिक्यांना वाटतं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटवर फोटो, थीम (साइटचं रूप) आणि प्लगइन (जोडसुविधा) फाइल्समध्ये असतात. लेख, पानं, ऑर्डरी, युजर आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये. डेटाबेस नसेल तर हातात उरते ती रिकामी थीम आणि फोटोंचा ढीग. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (होस्टिंगवरचं डेटाबेस हाताळायचं साधन) डेटाबेस निवडून 'एक्स्पोर्ट' करा आणि फाइल्स व डेटाबेस एकाच वेळेचे ठेवा. सोमवारच्या फाइल्स आणि गुरुवारचा डेटाबेस जोडला, तर मधल्या दिवसांत टाकलेले फोटो पानांवर तुटलेले दिसतात.

टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्स एफटीपीत बऱ्याचदा दिसतच नाहीत, त्यामुळे डॉट-एचटीअ‍ॅक्सेस (पानांचे पत्ते सांभाळणारी फाइल) मागे राहते. मग रिस्टोअरनंतर, म्हणजे बॅकअपमधून साइट परत उभी केल्यावर, मुखपृष्ठ उघडतं आणि आतली पानं '४०४' दाखवतात. फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्राममध्ये 'सर्व्हर' मेनूत लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. फाइल राहिलीच असेल तर वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'पर्मालिंक्स' उघडून नुसतं 'सेव्ह' दाबा. बहुतेक वेळा ती पुन्हा तयार होते. त्यात हाताने घातलेले जुने रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणारे नियम) मात्र परत येत नाहीत.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होणं

इंग्रजी साइटवाल्यांना ही अडचण सहसा कळतही नाही, आपल्याला मात्र ती नेमकी नडते. डेटाबेस उतरवताना किंवा चढवताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकला की देवनागरीची वाट लागते. मजकुराजागी चमत्कारिक लॅटिन अक्षरांच्या जोड्या दिसल्या तर घाबरू नका. बाइट्स बहुधा शाबूत असतात, चुकीचा सेट लावून वाचले गेलेले असतात, आणि ते दुरुस्त करता येतं. पण उतरवलेल्या फाइलमध्येच सगळीकडे प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं पुसली गेली आहेत, त्या फाइलमधून ती परत येणार नाहीत. उतरवताना आणि चढवताना, दोन्ही वेळेला कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. उतरवलेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एखादं मराठी वाक्य शोधा. दोन मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणं

बॅकअपचं प्लगइन टाकलं, हिरवी खूण दिसली, विषय संपला. पण वेगळं ठिकाण दिलं नाही तर बरीचशी प्लगइन प्रत त्याच साइटच्या फोल्डरमध्ये ठेवतात. कुलपाची दुसरी किल्ली त्याच बंद घरात ठेवावी तसं हे आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या काहींचा डेटा कायमचा गेला. सर्व्हर नवी मुंबईतल्या महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात असेल तर एक प्रत या पट्ट्याबाहेरच्या क्लाउडवर ठेवा आणि एक स्वतःच्या हार्डडिस्कवर.

हार्डडिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवा. डिस्क सतत जोडलेली असेल आणि फाइल्स लॉक करणारा व्हायरस आला, तर तीही लॉक होते. कॉपी चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि नाव मात्र पूर्ण दिसतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती. यूपीएसशिवाय मोठी कॉपी लावू नका.

एकदाही रिस्टोअर करून न पाहणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. गिटलॅबचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण ही सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला डेटाबेसची दुसरी प्रत नीट करताना एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचंच डेटा फोल्डर पुसायला लावलं. लगेच लक्षात आलं, थांबवलं, तरी सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरला. मग बॅकअप शोधले. रोजचा डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, होतच नव्हता, कारण तो घेणारं टूल ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. प्रत्येक वेळी ते चूक दाखवून बंद पडत होतं. ते कळवणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कोणालाच पत्ता नाही. क्लाउडवरची बॅकअपची जागा रिकामी. डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी उपयोगी पडला तो त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. त्या सहा तासांतलं डेटाबेसमधलं काम गेलं ते गेलंच. कागदावर बॅकअपच्या इतक्या सोयी होत्या, पण कोणीही त्या नियमितपणे परत उभ्या करून पाहत नव्हतं.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप सबडोमेनवर (आपल्याच डोमेनखालचा वेगळा पत्ता) किंवा लॅपटॉपवरच्या झॅम्पमध्ये (कॉम्प्युटरवरच साइट चालवणारं सॉफ्टवेअर) उभा करा. सबडोमेनला पासवर्ड लावा, नाहीतर गूगल तीच साइट दोनदा नोंदवेल. दुकानाची साइट असेल तर ईमेल आधी बंद करा. चाचणीच्या साइटवरून खऱ्या ग्राहकांना मेल गेले तर निस्तरता निस्तरता पुरेवाट होते. चाचणीसाठी साइटचा पत्ता बदलताना एसक्यूएल फाइलमध्ये (डेटाबेसची उतरवलेली फाइल) सरसकट 'फाइंड-रिप्लेस' करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग्ज मजकुराच्या लांबीच्या आकड्यासकट साठवतं. अक्षरं कमीजास्त झाली की आकडा जुळत नाही आणि विजेट, थीमची सेटिंग्ज गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-साधनाची 'सर्च-रिप्लेस' कमांड वापरा, ती हा आकडाही सांभाळते.

साइट उभी राहिली की लॉगिन करा, सर्वांत नवीन लेख आणि सर्वांत जुना फोटो उघडा, एक फॉर्म भरा. इम्पोर्ट मध्येच तुटला तर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिची) मर्यादा तपासा. अपलोडसाठी मूळची मर्यादा २ एमबी आणि स्क्रिप्टसाठी ३० सेकंद असते. मायएसक्यूएल-डम्पने (डेटाबेस उतरवायची कमांड) घेतलेल्या फाइलच्या शेवटी डम्प पूर्ण झाल्याची ओळ असते. ती नसेल तर बॅकअपच अर्धा आहे.

बाकीच्या चुका, थोडक्यात

'बॅकअप डॉट झिप' अशा नावाची फाइल वेबसाइटच्या फोल्डरमध्ये सोडू नका. असली नावं बॉट रोज तपासून पाहतात, आणि आत तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड असतो.

ड्राइव्हवर फोल्डर सिंक करणं म्हणजे बॅकअप नाही. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

सातच दिवसांच्या प्रती ठेवू नका. हॅक झाल्याचं अनेकदा महिन्याने कळतं, तोवर सातही प्रती बिघडलेल्या असतात. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या ६ ठेवा.

गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसह. ती भरली की बॅकअप जाणं थांबतं. शेवटच्या फाइलची तारीख आणि आकार दर आठवड्याला बघा.

अपडेट आधी आणि बॅकअप नंतर, ही घाई तर कोणीच करू नये.

होस्टिंगवरच्या ईमेलचे डबे वर्डप्रेसच्या बॅकअपमध्ये येत नाहीत. होस्टिंग बदलण्याआधी ते वेगळे उतरवून घ्या.

आणि साइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात डोमेन, होस्टिंग आणि बॅकअप तिन्ही ठेवू नका. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की पासवर्ड रीसेटचे मेल त्याच्याकडेच जात राहतील. तिन्ही खाती मालकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर घ्या, त्याला फक्त कामापुरता अ‍ॅक्सेस द्या, आणि काम संपलं की त्याच दिवशी तो काढा.