कागद गेलेल्या संस्थेचा इतिहास लिहायला बसताना

२६ जुलै २००५ ला कळव्यातल्या आमच्या शाळेच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. नऊ वर्षांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे आली, तेव्हा हाताशी होतं फुगलेलं एक जनरल रजिस्टर आणि दोन-चार फोटो. त्याच वर्षी वाशीचा माझा भाचा एम.ए.च्या प्रबंधासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातल्या कटिंग्टन विद्यापीठाचा इतिहास मांडत होता. एकाच जेवणाच्या टेबलावर आमची दोन्ही कामं चालली. असं काम कुणाच्या गळ्यात पडलं तर त्याला उपयोग व्हावा, म्हणून लिहिते.

आधी सनावळीची पट्टी करा. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या, पानं लांबीला चिकटवा आणि प्रत्येक वर्षाला एक बोट जागा द्या. भाच्याच्या पट्टीवर पहिलं वर्ष होतं १८८९. त्या वर्षी अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चनं केप पामसला, समुद्रकाठी, ही शाळा काढली. बिशप सॅम्युएल फर्ग्युसन तिचे संस्थापक, आणि देणगी देणाऱ्या रॉबर्ट फुल्टन कटिंग यांचं नाव तिला मिळालं. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे ही संस्था त्याहून चार वर्षांनी थोरली. पण पुढे १९२९ ते १९४९ पट्टी कोरी, आणि १९९० ते १९९८ परत कोरी.

"मावशी, इथे लिहायला काहीच नाही. सरळ पुढे जाऊ?"

"नाही रे. ती जागा लाल पेन्सिलीनं रंगव. खरं काम तिथेच आहे."

लाल वर्षांना चार प्रश्न विचारायचे: इमारत कुणाच्या ताब्यात होती, कागद कुठे होते, संस्थेचं नाव कोण चालवत होतं, आणि दार पुन्हा उघडलं ते त्याच जागी की दुसरीकडे? कटिंग्टनच्या दोन बंद काळांची उत्तरं अगदी वेगळी निघतात. पहिल्या बंदचा युद्धाशी संबंध नव्हता. वीस वर्षांनी ती उघडली ती किनाऱ्यावर नव्हे, आत बाँग काउंटीत, सुआकोकोला. जागा नवी, इमारती नव्या. जुनं राहिलं ते नाव आणि चर्च. दुसऱ्यांदा मात्र युद्धानं बंद पाडली. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरचे बंडखोर निंबा काउंटीत शिरले, पुढच्या वर्षी वर्ग थांबले. टेलरचं ठाणं ग्बार्नगा तिथून जवळच. त्याच्या माणसांनी आवार बळकावलं, लूट झाली.

आता '१९९८ साली संस्था पुन्हा उभी राहिली' असं एक वाक्य लिहून मोकळं होता येईल का? मला ते पटत नाही. वर्ग सुरू झाले हे खरं, पण १९९९ मध्ये लायबेरियात पुन्हा युद्ध पेटलं, ते २००३ पर्यंत चाललं. उभं राहणं पट्टीवर एका बोटात मावत नाही, त्याला चांगली वीतभर जागा ठेवा.

कागद स्वतःच्या घरात नसतील तर देणाऱ्याच्या घरी शोधा. चर्चनं काढलेल्या संस्थेला ही मोठी सोय असते. बिशपनं पाठवलेलं पत्र, हिशेब, अहवाल दुसऱ्या टोकाला अमेरिकेत पोचलेले असतात. आमच्या शाळेचं दुसरं टोक माजी विद्यार्थ्यांच्या घरी निघालं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर असतो! आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर दाखल्यांचे फोटो मागवले आणि एकेका नंबरापुढे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख पुन्हा भरत गेलो.

भिजलेलं रजिस्टर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. पंख्याखाली उभं ठेवून मधे कोरा कागद घाला, तो बदलत राहा. चिकटलेलं पान ओढू नका. आमच्या रजिस्टरात दौतीची निळी शाई पसरून नुसता ढग झाला होता, पण पेन्सिलीची टिपणं जशीच्या तशी होती: 'फी माफ', 'वडील वारले', 'गावी गेला'. ती आधी उतरवून घ्या.

माणसांना भेटाल तेव्हा वस्तूबद्दल विचारा. 'तेव्हा कसं वाटलं?' म्हटलं की भाषण मिळतं. मी आमच्या शिपाईमामांना विचारलं, त्या दिवशी किल्ली कुणाकडे होती?

"माझ्याकडंच, बाई. पण दार ढकलंना. आतली बाकं तरंगत येऊन दाराला टेकली होती."

हे वाक्य मी स्मरणिकेत जसंच्या तसं छापलं.

आणि वय मोजताना सावध राहा. संस्था १८८९ ची आहे हे जरूर लिहा, पण शेजारीच लाल वर्षांची बेरीज मांडा: वीस आणि आठ. आमच्या कार्यकारिणीतल्या एकांना पुराचं पान नको होतं, शुभप्रसंगी कशाला म्हणून. मी त्यांना पट्टी दाखवली, मामांचं बोलणं वाचून दाखवलं. पान राहिलं. रजिस्टरातले ४१२ ते ४३० हे नंबर अजून रिकामे आहेत, दाखले येतील तसे भरते आहे.